रिकाम्या मधपेट्यांचा अर्ज

अर्ज लिहून घ्यायला आलेला माणूस पहिल्या वाक्यात खरे सांगत नाही आणि दुसऱ्या वाक्यात सगळे सांगत नाही. कोरेगावच्या तहसील कचेरीबाहेर कडुनिंबाखाली टेबल मांडून मी निम्मे आयुष्य काढले, त्या अनुभवाच्या बळावर हे विधान करतो आहे. माझे शालेय शिक्षण नववीत थांबले, ही गोष्ट मी लपवत नाही. मात्र ज्यांचे शिक्षण पुढेही चालू राहिले अशी पुष्कळ मंडळी आपले म्हणणे कागदावर मांडण्यासाठी माझ्यासमोरच्या स्टुलावर येऊन बसतात, हेही लपवण्याचे मला कारण दिसत नाही.

आमचा व्यवसाय बाहेरच्या माणसाला सोपा वाटतो. वर ‘प्रति’, मध्ये ‘विषय’, खाली ‘आपला विश्वासू’, झाला अर्ज. तेवढे काम हल्ली झेरॉक्सच्या दुकानातला संगणकही करतो. पण संगणक फक्त नाव आणि गाव विचारतो. मी विचारतो, “यात तुमचा फायदा काय?” अर्जदाराचे दुःख ऐकून घेणे हे माझे अर्धे काम आहे. उरलेले अर्धे काम म्हणजे त्या दुःखात भेसळ किती, हे ओळखणे.

एका गृहस्थांनी गावातल्या पिठाच्या गिरणीविरुद्ध माझ्याकडून अर्ज लिहून घ्यायला घेतला होता. आवाजाने झोप लागत नाही, छातीत धडधडते, डॉक्टरांनी शांतता सांगितली आहे. मी विचारत विचारत गेलो तेव्हा उलगडा झाला, की त्यांच्या पुतण्याची गिरणी लवकरच सुरू व्हायची होती आणि तीही त्यांच्याच घराच्या भिंतीला लागून. दुसऱ्या एका बाईंचा भाऊ वारसनोंदीच्या अर्जात ‘बरीच वर्षे बेपत्ता’ होता. मी मान वर केली तर फाटकाशी मोटारसायकलवर एक जण ताटकळत बसलेला. “तो कोण?” असे विचारल्यावर बाई म्हणाल्या, “भाऊच की. त्यानंच आणून सोडलं न्हवं का.”

तेव्हापासून मी एक नियम केला. एखाद्याचे नाव घेऊन तक्रार करायची असेल, तर जागा स्वतः पाहिल्याशिवाय कागदाला हात लावायचा नाही. या नियमाला माझे समव्यवसायी हसतात. सुनंदाच्या प्रकरणात मात्र या नियमानेच मला अडचणीत आणले, म्हणून ते प्रकरण सविस्तर लिहितो.

सुनंदा माझ्याकडे आली ती पावसाळ्यात. बेंदराचा सण नुकताच होऊन गेला होता. वय चाळिशीच्या आतबाहेर, पदर खोचलेला, बोलणे रोखठोक. नवरा शिरवळला कारखान्यात, सुट्टीला घरी येणारा. घरामागच्या तुकड्यात ती लाकडी पेट्यांमध्ये सातेरी माश्या, म्हणजे आपल्या डोंगरातल्या देशी मधमाश्या पाळीत असे. पंचक्रोशीत तिला ‘माशीवाली’ म्हणत, आणि त्या नावाचा तिला अभिमान होता. तिच्यासोबत तिचे सासरे आले होते. त्यांना सगळे गाव तात्या म्हणते. डोक्याला पटका, गुडघे आखडलेले. ते बाकावर टेकले आणि काठी दोन पायांत धरून बसले.

“अण्णा, अर्ज लिवून द्या,” सुनंदा म्हणाली. “माज्या माश्या गेल्या. पेट्या समद्या रिकाम्या.”

“गेल्या की मारल्या?”

“मारल्या!” उत्तर तात्यांनी दिले. “शेजारच्या हणमंतानं मारल्या. औशिदाचा पंप घिऊन बांधावरनं फिरत हुता, म्या ह्या डोळ्यांनी बगितलं. नाव ठळक लिवा त्येचं.”

मी नोंद घेतली की नुकसान सुनेचे आहे आणि नाव सासऱ्याच्या तोंडातून येते आहे. माझा पहिला संशय नेहमीप्रमाणे अर्जदारावरच गेला.

“सरकारी मदत मागायचा विचार आहे काय?”

“आवं, मदत मागायची असती तर रडत आले असते की!” सुनंदा म्हणाली.

“हणमंतरावांशी बांधाचा वाद आहे?”

“बांधाचा वाद कुणाचा न्हाई?” तात्या म्हणाले. “तुमचा न्हाई व्हय?”

“मी शेती करत नाही.”

“म्हून दुसऱ्याच्या बांधावर पोट भरताय व्हय!”

मी हे वाक्य ऐकले नाही असे दाखवले. तक्रारदाराचा राग लेखनिकाने अंगावर घ्यायचा नसतो. पण नावानिशी विषप्रयोगाची तक्रार म्हणजे काय, हे मला त्या दोघांपेक्षा चांगले ठाऊक होते. पोलीस येणार, पंचनामा होणार, कृषी खात्याचा माणूस येणार आणि जाणार. कागद शेवटी कुठल्यातरी कपाटात पडणार. पण समोरासमोर दारे असलेली दोन घरे पुढच्या पिढीपर्यंत एकमेकांशी बोलणार नाहीत. म्हणून मी सांगितले, “उद्या जागा पाहतो. मग लिहितो.”

तात्यांनी मान डोलावली. सुनंदाने मात्र चटकन माझ्याकडे पाहिले. जागा पाहतो म्हटल्यावर खरा अर्जदार खूश होतो. ही बाई दचकली होती.

दुसऱ्या दिवशी स्कूटर घेऊन सुनंदाच्या घरी गेलो. बांधापलीकडे हणमंतराव सोयाबीनमध्ये वाकून काहीतरी उपटत होते. मला पाहून सरळ उभे राहिले.

“काय अण्णा, आज हिकडं? कुणाचं घर मोडाया आलाय?”

“फवारणी कधी केली होती?”

“बेंदूर झाल्यावर, दुसऱ्या दिशी. का?”

“दिवसा?”

“न्हाई बा. माशीवाल्या वैनीनं सांगितल्यापासनं दिस मावळल्यावरच मारतोय. तवर माश्या घरला जात्यात म्हनं. पंप भरून घ्याला तेवढं दिसा आलो हुतो.”

शेजारणीच्या माश्यांसाठी दिवस मावळायची वाट पाहणारा शेजारी मी आजवर एकाही अर्जात वाचलेला नव्हता. त्यामुळे त्यांच्या उत्तराने माझे समाधान व्हायचे त्याऐवजी संशय दुणावला.

पेट्या चिंचेच्या झाडाखाली, विटांच्या चवथऱ्यावर ओळीने मांडलेल्या होत्या. लांबूनच त्या लालभडक दिसल्या. लाकूड कुठले, असे मी सुनंदाला आधी विचारले. नवऱ्याने कारखान्यातल्या जुन्या खोक्यांच्या फळ्या आणल्या होत्या. परदेशी जाणाऱ्या खोक्यांच्या लाकडाला कधीकधी औषध मारलेले असते हे मी ऐकून होतो, त्यामुळे क्षणभर मला अपराधी सापडल्यासारखे वाटले. सुनंदाने ते मोडीत काढले. “त्या फळ्यांत दोन हंगाम माश्या नांदल्यात, अण्णा. लाकडाचं काय न्हाई.”

मग वाऱ्याची दिशा बदलली आणि मला वास आला. ऑइल पेंटचा, टर्पेंटाइनचा. मी एका पेटीचे झाकण उचलले. सुनंदा “ऱ्हाऊ द्या” म्हणेपर्यंत उशीर झाला होता.

बाहेरून रंगवलेली मधपेटी मी अनेकदा पाहिली आहे. आतून रंगवलेली पहिल्यांदाच पाहिली. चारही भिंती लाल, तळ लाल, पोळे लटकवायच्या पट्ट्यांवर पिवळे ठिपके, माश्यांच्या दाराच्या फटीभोवती निळी रेघ. तळाशी थोड्या माश्या रंगालाच चिकटून मेलेल्या. बोट लावले तर बोटाला रंग आला. पावसाळ्याच्या ओलीत तो अजून वाळलेलाच नव्हता.

“हे कोणी केले?”

ती मला गोठ्यात घेऊन गेली. गोठा झाडलेला, गव्हाण रिकामी. खुंटीला घुंगरांचे पट्टे तेवढे लटकत होते.

“तात्यांनी केलंय,” ती हळू आवाजात म्हणाली. “आन् त्यानंच माश्या गेल्या ह्ये त्यास्नी म्हायती न्हाई. म्हायती हुऊ बी द्यायचं न्हाई.”

इथे परजिल्ह्यातल्या वाचकांसाठी थोडे सांगितले पाहिजे. आमच्या सातारा-सांगलीकडे बैलांचा सण आषाढात, बेंदराला असतो. बैल धुतात, शिंगे रंगवतात, झूल घालतात, गोंडे बांधतात, पुरणपोळी भरवतात. तात्यांची बैलजोडी त्या उन्हाळ्यात विकली गेली होती. गुडघ्यांनी वैरण आणवत नाही, म्हणून मुलानेच विकायला लावली होती.

“बेंदराला मी शिरवळला हुते,” सुनंदा सांगू लागली. “म्हाताऱ्यानं दरसालच्या सवयीनं शिंगांचा रंग आणला. घरी आल्यावर ध्यानात आलं, शिंगं कुठं हायत? लय येळ हितंच बसला हुता म्हनं, डबं पुढ्यात घिऊन. मंग उठला आन् पेट्या रंगवल्या. बाहेरनं भागलं न्हाई, झाकणं काढून आतनं बी. गोंडं बांदलं. दारात पुरणपोळीचा घास ठिवला. ववाळलं बी.”

“माश्या चावल्या नाहीत?”

“चावल्या की! तोंड सुजून ह्ये एवढं झालतं. मला म्हनला, बैल बी लाथ मारतंयच की, म्हून काय सण करायचा न्हाई?”

“आणि हणमंतराव?”

“माश्या उठून गेल्या त्याच दिसात भावजी पंप घिऊन दिसलं. झालं. तवापास्नं त्यास्नी दुसरं काय सुदरंना.” मग तिने आपली खरी मागणी सांगितली. “अण्णा, असा अर्ज लिवा की तात्याला वाटंल अर्ज गेला, आन् कुणाला त्यातनं काय लागायचं न्हाई.”

मला राग आला. “बाई, माझा कागद कचेरीत नोंदला जातो. एकदा नोंदला की तो कोणी सांगितले म्हणून गप्प बसत नाही. खोटी तक्रार मी लिहिणार नाही.”

“मंग खरी लिवा. जावा, त्यास्नी वाचून दावा.” एवढे बोलून ती चुलीकडे निघून गेली.

परत येताना दुसराच संशय माझ्या डोक्यात शिरला. सून शेजाऱ्याला वाचवण्यासाठी दोष म्हाताऱ्याच्या माथी तर मारत नसेल? शिंगांच्या रंगाने माश्या खरोखर पेटी सोडतात काय? याचा निवाडा केल्याशिवाय मला लेखणी उचलता येईना.

आमच्या पेठेत चौगुले नावाचे रंगाचे दुकानदार आहेत. मूळचे सांगलीकडचे, जैन, मृदू बोलणारे. मृदू बोलणाऱ्या दुकानदारावर मी सहसा विश्वास ठेवत नाही. मी त्यांना प्रसंग सांगितला नाही, नुसतेच विचारले, “लाकडी खोके आहे, पावसात राहणार आहे, काय लावू?”

त्यांनी पारदर्शक तेलाचा डबा पुढे केला. “हे घ्या. वाळवी फिरकणार नाही.”

“ज्याने वाळवी मरते त्याने मधमाशी मरेल काय?”

त्यांनी डबा मागे ओढला. “मरणार की. माशी ठेवायची आहे काय खोक्यात?”

“डब्यावर तर ‘सुरक्षित’ असे लिहिले आहे.”

“लाकडाला सुरक्षित, अण्णा!”

जीवजंतूंचा प्रश्न आहे म्हटल्यावर मात्र या माणसाने एकही डबा विकायचा प्रयत्न केला नाही, आणि त्यामुळेच मला त्यांचे म्हणणे ऐकावेसे वाटले. ऑइल पेंट पावसाळ्यात लवकर वाळत नाही आणि बंद खोक्यात त्याचा दर्प कोंडून राहतो. बिनवासाचा म्हणून विकला जाणारा रंगही वास येत नाही म्हणून निरुपद्रवी ठरत नाही. बुरशी लागू नये म्हणून त्यात काय घातले आहे, ते डब्यावर बारीक अक्षरात शोधायचे असते. गॅरेजमधले काळे जळके ऑइल आमच्याकडे प्रत्येक जण कुंपणाच्या खांबांना फासतो, डांबरही फासतो. ते खांबांपुरतेच ठेवावे. जवसाचे तेल चांगले, पण दुकानात ‘उकळलेले’ म्हणून मिळते त्यात लवकर वाळण्यासाठी रसायने घातलेली असतात. घाण्याचे कच्चे तेल घ्यावे. वाळायला वेळ लागतो, तेवढा द्यावा.

मग महाबळेश्वरकडच्या एका मधपाळाला फोन लावला आणि हेच प्रश्न उलटसुलट करून विचारले. साक्षीदार दोन असतील तर त्यांना वेगवेगळे गाठावे, हा माझा शिरस्ता आहे. उत्तरे जुळली. वर त्याने एक गोष्ट सांगितली. फवारणीच्या विषाने मरतात त्या बहुतेक रानात आणि दाराबाहेर मरून पडतात. सातेरी माशीला घरातच दर्प आला, तर ती पोळे, मध, पिल्ले, सगळे टाकून उठून जाते. “लय मानी जात हाय ती,” तो म्हणाला.

म्हणजे हणमंतराव निर्दोष होते. सुनंदा खरे बोलली होती. राहता राहिले तात्या.

पुढच्या बाजारच्या दिवशी दोघे आले. मी अर्ज तयार ठेवला होता. कृषी अधिकाऱ्यांना उद्देशून, मार्गदर्शन मिळण्याबाबत. कोणाचेही नाव नाही, आरोप नाही, आणि माझ्या मते एकही वाक्य खोटे नाही. सही अथवा अंगठा घेण्यापूर्वी सगळा कागद मोठ्याने वाचून दाखवणे ही आमच्या व्यवसायातली जुनी रीत. मी वाचू लागलो. “...सदर मधपेट्यांतील माश्या अचानक निघून गेल्या असून त्याचे कारण अज्ञात आहे. सबब...”

“थांबा,” तात्या म्हणाले. “अज्ञात म्हंजी?”

“म्हणजे माहीत नाही.”

“कुणाला माहीत न्हाई?”

इतक्या वर्षांत अनेकांनी मला शब्दांचे अर्थ विचारले, पण हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी सुनंदाकडे पाहिले. ती कचेरीच्या पायऱ्यांकडे पाहत होती.

“कुणाला माहीत न्हाई, अण्णा?” त्यांनी पुन्हा विचारले. “तुमास्नी म्हायती हाय. तुमी झाकण उचललं तवा म्या दारातच हुतो. हिला बी म्हायती हाय. ही माज्या ताटात वाढताना माज्याकडं बगत न्हाई.”

“तात्या, गप बसा,” सुनंदा म्हणाली.

“आन् मला बी म्हायती हाय. रंग लावल्याच्या दुसऱ्या सकाळीच त्या उठल्या. चिंचंवर घोस करून बसल्या, मंग डोंगराकडं गेल्या. म्या उबा ऱ्हाऊन बगितलं.”

“मग हणमंतरावांचे नाव का घ्यायला सांगितले?” मी विचारले.

तात्यांनी काठीच्या मुठीवरून हात फिरवला. “बैलास्नी कवा काय झालं न्हाई त्या रंगानं. आवं, उबा जलम शिंगास्नी त्योच लावला. म्हनलं, रंगानं न्हाईच झालं. मंग हणमंताचा पंप दिसला. बरं वाटलं बगा, पंप दिसल्यावर.” मग माझ्या कागदाकडे बोट करून ते म्हणाले, “आता त्येचं नाव काडलंय तर माजं घाला. जागा मोकळी ठिवू नगा.”

स्वतःविरुद्ध तक्रार लिहून मागणारा अर्जदार मला त्याआधी भेटला नव्हता, त्यानंतरही नाही. असा अर्ज कोणाच्या नावे करायचा, विषय काय लिहायचा, हे नववीपर्यंतच्या शिक्षणात नव्हते आणि पुढच्याही शिक्षणात असेल असे वाटत नाही. मी कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली.

“अर्ज राहू द्या,” मी म्हणालो. “नवीन पेट्यांना काय लावायचे ते ऐका.”

मग मी जे गोळा केले होते ते सांगितले. आतून काहीच लावायचे नाही. दाराच्या फटीलाही नाही. बाहेरून कच्चे जवसाचे तेल, त्यात गरम पाण्याच्या भांड्यावर वितळवलेले मेण. रंगच हवा असेल तर पाण्यात मिसळणारा, फिका, औषध नसलेला, आणि तोही उन्हाळ्यात, रिकाम्या पेटीला. नाक जवळ नेले तरी वास येईनासा झाला, की मगच माश्या ठेवायच्या. वाळवी-मुंग्यांसाठी औषध नको, पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवायचे. रंगलेल्या पेट्या माश्यांसाठी पुन्हा वापरायच्या नाहीत.

“आतनं कोरंच?” तात्यांनी विचारले.

“कोरेच.”

“सणाला बी?”

मी काही बोलण्याआधी सुनंदा म्हणाली, “सणाला बाहेरनं एक बोट कुंकू लावा, तात्या. तेवढं चालतंय त्यास्नी.” आणि कित्येक दिवसांनी, असे मला वाटते, तिने सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिले. दोघे एसटी गाठायला निघून गेले. तात्यांना सगळे आधीपासूनच ठाऊक होते, का आदल्या रात्री सुनेने सांगून टाकले होते आणि हे सारे त्यांनी घरूनच ठरवून आणले होते, याविषयी मला आजही शंका आहे. मी ते विचारले नाही.

प्रकरण माझ्यापुरते संपले असे मी धरून चाललो होतो. थंडीच्या सुरुवातीला हणमंतराव स्टुलावर येऊन बसले. त्यांनी आधी मागे वळून पाहिले, मग खुर्ची पुढे ओढावी तसे ते स्टूल पुढे ओढले.

“अण्णा, ह्या तात्याचा डाव काय हाय?”

“का? काय झाले?”

“घरी येतोय. बसतोय. चा पितोय. चा संपला की काय न बोलता उठून जातोय. येक न्हाई, कैकदा झालं. परवा काकवीचं भांडं ठिवून गेला. जाताना बांधाकडं बगत हुता. बांध मागणार हाय का? तुमी आसं करा, माजा आगाऊ अर्ज लिवून ठिवा.”

“हणमंतराव, डाव नाही.”

“मंग काकवी कशापायी?”

ते सांगण्याचा अधिकार माझा नव्हता. ज्याचे म्हणणे त्याने स्वतः मांडायचे असेल तिथे लेखनिकाने मध्ये पडायचे नसते. मी एवढेच म्हणालो, “पुढच्या वेळी तात्या आले की चहा लगेच टाकायला सांगू नका. उशिरा टाका. बसू द्या त्यांना जरा.”

“त्यानं काय व्हईल?”

“बसू द्या.”

हणमंतराव उठले. माझ्याकडे, माझ्या टेबलाकडे, माझ्या कोऱ्या कागदांकडे त्यांनी एकदा नीट पाहून घेतले.

“तुमी बी त्येच्याकडनंच हाय म्हना की,” ते म्हणाले, आणि मोटारसायकल चालू करून फाटकापर्यंत गेल्यावर थांबून त्यांनी पुन्हा एकदा माझ्याकडे वळून पाहिले.